मुडद्याच्या पोथीचं पारायण

त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवलं की अजून माझ्या तोंडात आंबट पाणी येतं. पिवळ्या भिंतीवर लाल ओघळ, त्यापुढे पांढऱ्या केसांची एक म्हातारी, तिच्या एका हातात विळी आणि दुसऱ्या हातात लोंबणारं काहीतरी. माझ्या मते ते कुणाचं तरी आतडं होतं. अव्वा म्हणायच्या, पदर असंल. त्यांना चित्र धड दिसत नव्हतं, तरी वाद घालायला त्या मागे हटत नसत.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर दुधनीचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली असायची, आणि अव्वा हेही कानडीच, म्हणजे आई. घरात, गल्लीत, दुकानात सगळे त्यांना तेच म्हणत. मी वेळापूरची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा दुष्काळ सरला होता, शेंगा पुन्हा बाजारात यायला लागल्या होत्या, आणि आमच्या घराचं सगळं त्या शेंगांवरच होतं. शेंगदाण्याची चटणी करून विकायचा धंदा. दुकान आमचे हे बघायचे, कुटायचं काम घरात. मागच्या पडवीत दगडी उखळ होतं. भाजलेले दाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून मुसळाने कुटत राहायचं, दाण्यांना तेल सुटून सगळं लालभडक, ओलसर, हाताला चिकटणारं होईपर्यंत. कुटायला अव्वा आणि शेजारच्या मावशी. मावशींचे यजमान मागावर चादरी विणायचे. घरात त्यांचं तेलुगू, आमच्याकडे आल्या की मराठी. दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकायच्या. कुटायला डोळे लागत न्हाईत, कान लागतात, असं अव्वा म्हणायच्या. दाण्याला तेल सुटलं की मुसळाचा आवाज बदलतो, तो त्यांना बरोबर कळायचा.

आणि ते बरंच होतं, कारण डोळे राहिलेच नव्हते. डावा डोळा माझ्या लग्नाआधी गेला. डोळे आले असताना कुणा शहाण्याने कसल्याशा पाल्याचा रस घालायला सांगितलं, अव्वांनी घातला, आणि बुबुळावर कायमचं फूल पडलं. उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पिकलाय, आता काढला नाही तर आतल्या आत फुटेल आणि उरलेला डोळाही हातचा जाईल. हे रोज समजावत, कधी गोडीने, कधी चिडून. अव्वांचं एकच. डोळा उघडा ठेवून कापतात, सुरी येताना आपल्यालाच दिसते, मग आपण हललो की संपलं. दोन असते तर एक जुगाराला लावला असता, एकच हाय तर कशाला, म्हणायच्या.

रोज सकाळी त्या गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसत. विभूती लावायला बोट पुढे करत आणि ती लागायची मनगटाला, नाहीतर पाटाला. मग त्या हात डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन चाचपत. मला ते बघवायचं नाही. एरवी आमचं फार पटायचं असं नाही, तरीही.

पण पूजा आटोपली, भाकरी खाल्ली, दुपार झाली, की याच बाईला रक्त लागायचं. डोळे शाबूत होते तेव्हा त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयातून भुताखेतांच्या, खुनांच्या कादंबऱ्या आणून फडशा पाडत. आता वाचायला घरात मॅट्रिक झालेली सून आली होती. मनगटं काडीसारखी असल्याने कुटायला माझा उपयोग नव्हता, दाणे पाखडायला मला बसवलेलं. एके दुपारी अव्वांनी सूप माझ्या हातातून काढून घेतलं आणि ते पिवळं पुस्तक मांडीवर ठेवलं. ओदु, म्हणाल्या. म्हणजे वाच.

आता घोळ झाला तो इथे. मला मोठ्याने वाचायचं एकच वळण माहीत होतं. माहेरी वडिलांचा घसा बसल्यापासून संध्याकाळची पोथी मी वाचायचे. त्यामुळे सवयीने मी उठले, पाट मांडला, पाटावर पुस्तक ठेवलं, हात जोडले आणि त्याच हेलात सुरू झाले. पहिल्याच वाक्यात विहिरीतून एक फुगलेलं प्रेत वर आलं होतं. ते मी असं काही वाचलं की जणू देवांनी अवतार घेतला. मावशी मुसळ टाकून हसत सुटल्या. अव्वा हसल्या नाहीत. त्या चाचपत पुढे आल्या, कनवटीची विभूतीची पुडी काढली आणि त्या रक्ताळलेल्या मुखपृष्ठावर बोट टेकवलं. ते बोट नेमकं म्हातारीच्या कपाळाला लागलं, हे आमचं नशीब. पाटावर ठेवलं म्हणजे पोथी झाली, आता हे अर्धं सोडायचं न्हाय, असं त्यांनी जाहीर केलं.

पुस्तकातली म्हातारी सत्तरी ओलांडलेली, कंबरेत वाकलेली, तपकीर ओढणारी. गावाबाहेर एकटी राहायची. गावचा मेलेला वैद्य विहिरीतून उठून आला होता आणि लोकांचे डोळे काढून मधात बुडवून ठेवत होता. खायला. मी इथेच थांबायला हवं होतं. पण पुढे लेखकाने त्या बरणीचं वर्णन केलं होतं, कुठला डोळा तळाला बसला, कुठला तरंगत होता, मध कसा गढूळ झाला. मी पदर नाकाला लावला आणि म्हटलं, शी. अव्वा म्हणाल्या, पोथीत शी म्हनू नये.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. म्हातारीचा एक डोळा तिसऱ्याच प्रकरणात गेला. त्या मेलेल्या वैद्याने तो कसा काढला, ते लेखकाने पानभर लिहिलं होतं, देठासकट. मग म्हातारी चिडली. तिने त्या मुडद्याचा हात पाट्यावर धरून वरवंट्याने ठेचला, तरी बोटं वळवळत तिच्या लुगड्यावरून वर चढायला लागली, तेव्हा तिने तो हात खुडून मिठात घोळवला, लोणच्याच्या बरणीत कोंबला, वर फडक्याचा दादरा बांधला आणि हात धुऊन भाकरी थापायला बसली. मी मान वर केली. समोर उखळात ती चटणी, लाल, चकचकीत, मुसळाला लोंबणारी. अव्वांनी नेहमीप्रमाणे तिच्यातली चिमूटभर चाखली आणि बोट चाटत म्हणाल्या, मीठ जरा कमी हाय. मी उठून मोरीत गेले.

चटणीवर माझी वासना उडाली. सोलापुरात, चटणीवाल्यांच्या घरात, सुनेला चटणी बघवेना. दुष्काळात तेरावा महिना. यांना वाटलं दिवस गेले. सगळ्या गल्लीला तसं वाटलं. खरं कारण मी कुणाला सांगणार, की आमच्या धार्मिक सासूबाई रोज दुपारी विभूती लावून माणसांची आतडी ऐकतात.

मी गाळायला लागले. जिथे फार घाण असेल तिथे दोन ओळी सोडून पुढे जायचे. पहिल्याच दिवशी पकडली गेले. मावशींना काही कळलं नाही, पण अव्वा म्हणाल्या, "घान आली की तू भरभर वाचतीस. आता भर्रकन गेलीस. मागं जा." मागं जावं लागलं. पुन्हा वाचावं लागलं, सावकाश. नंतर नंतर तर मावशींनीही मुसळ उभं धरून ऐकायला सुरुवात केली. खून आला की कुटणं बंद. त्या महिन्यात आमची चटणी भरड निघतेय अशी दुकानावर तक्रार आली, आणि यांना कारण कळेना.

एकदा मी चिडून विचारलं, अव्वा, डोळ्याला नुसतं औषध घालायचं म्हटलं तर तुम्हाला घाम फुटतो, आणि हे डोळे उपटलेले कसे ऐकवतात? अव्वांनी मुसळ थांबवलं नाही. ते म्हातारीचे हायत की, म्हणाल्या, माझे कुटं हायत. जरा वेळाने आपणहून म्हणाल्या, सगळ्या गोष्टींत म्हातारी म्हणजे खोकणारी, न्हाय तर मरणारी. ही बघ कशी हात लोणच्यात घालती. मग त्या खूप वेळ मजेत कुटत राहिल्या.

मला अजून किळस यायची. रोज यायची. पण खोटं कशाला बोलू, सकाळी भाकरी थापताना माझं मन त्या बरणीपाशीच घुटमळायचं. तो खारवलेला हात आत काय करत असेल, दादरा टिकला असेल का. आणि तसं वाटलं की मला माझीच किळस यायची.

तेवढ्यात दवाखान्याने ऑपरेशनला यायचा दिवस दिला. यांनी डॉक्टरांचे पाय धरून तो मिळवला होता. आणि त्याच आठवड्यात आमचं पुस्तक संपलं, म्हणजे संपलं नाही. मुडदा म्हातारीचा दुसरा डोळा काढायला तिच्या दारात उभा राहिला, तिने कडी काढली, मी पान उलटलं, तर पुढे पुठ्ठाच. शेवटची पानं मुळापासून फाडलेली.

मी वाचनालयात गेले. तिथले गृहस्थ काउंटरमागे विड्याचं पान लावत बसलेले. शांतपणे म्हणाले, ते तसंच आहे, कधीचं, दुसरी प्रत नाही, तरी लोक नेतातच की. मी विचारलं, शेवट काय होता? त्यांना ठाऊक नव्हतं. आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी माझ्यादेखत विचारलं. एकजण म्हणाला म्हातारी मेली, दुसरा म्हणाला छे, ते दुसरं पुस्तक. गृहस्थांना माझी दया आली असावी. असू द्या तुमच्याकडेच, म्हणाले. ती घाण मी पदराखाली घेऊन घरी आले.

घरी अव्वा निवांत होत्या. इतक्या निवांत की मला संशय आला. यांनी उद्या निघायचं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "वाचन अर्धं हाय. अर्धी पोथी टाकून मी सुरीखाली जानार न्हाय. अर्ध्या पारायणावर उठलं की अपेश येतं."

हे कपाळावर हात मारून बाहेर गेले. त्यांना वाटलं निमित्त काढलंय. मलाही आधी तेच वाटलं. पण जवळ बसले तर अव्वांचा डावा हात छातीवरच्या लिंगावर घट्ट मिटलेला होता. ती भीती खरी होती, आणि अपेशाचा धाकही तितकाच खरा होता. त्या कादंबरीला पाट मीच मांडला होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की पानं मिळाली, वेगळी निघाली होती, दवाखान्यात वाचू.

मग काय, टांग्यात बसल्या.

दवाखान्यात त्यांच्या पापण्यांचे केस कापले, डोळ्यात थेंब घातले. नर्सबाईंनी गळ्यातलं काढायला सांगितलं तेव्हा थोडा तंटा झाला. शेवटी डॉक्टर म्हणाले मुठीत राहू द्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. दुपारी वॉर्डात सामसूम झाली, अव्वा उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, ओदु. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर पुस्तक ठेवलं, हात जोडले आणि कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत वाचायला लागले.

मी ठरवून आले होते की दोन वाक्यांत उरकायचं. मुडदा पडला, म्हातारी जिंकली, शुभं भवतु. पण अव्वांचा चेहरा इतका लक्ष देऊन माझ्याकडे वळला होता, आणि उद्या त्या डोळ्यावर काय होणार हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरी येईल. नुसतं हलायचं नाही. मग माझ्या तोंडून भलतंच यायला लागलं. म्हातारी ओट्यावर तोंड वर करून बसली. मुडद्याचं नख पुढे आलं, पिवळं, काठाला मळ धरलेलं, डोळ्यांपुढे आलं, तरी ती हलली नाही. डोळा अख्खा काढायचा म्हणजे त्यालाही सावकाशच यावं लागणार होतं. नख पांढऱ्या भागाला टेकलं, गार लागलं. तिने श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. तो आणखी वाकला, आणखी वाकला, आणि त्याचं पोट तिच्या हाताच्या टप्प्यात आलं. मुठीत अडकित्ता होता. तिने पोट सुपारीसारखं कातरलं.

मग मी थांबायला हवं होतं. पण थांबले नाही. त्या पोटातून खाल्लेले सगळे डोळे भदाभदा बाहेर पडले, मधाने चिकट झालेले, आणि आपापल्या घराकडे घरंगळत निघाले. रस्त्यातली माती त्यांना चिकटली, कडब्याचा भुसा चिकटला, एकाला मुंग्या लागल्या. आंधळी माणसं दारात बसलेली. त्यांनी ते उचलले, तांब्यातल्या पाण्याखाली धुतले, लुगड्याला पुसले आणि बोटाने दाबून परत बसवले. बसताना बारीकसा आवाज व्हायचा.

अव्वांनी विचारलं, म्हातारीचा आधी गेलेला? तोही आला, मी म्हटलं, सगळ्यात शेवटी, कारण तो लोणच्याच्या बरणीखाली अडकला होता. अव्वांनी मान डोलावली. फाटक्या पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. पारायण झालं. मी तोंडाला पदर लावून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर यांना म्हणाले, एवढी स्थिर बाई पाहिली नाही, पापणीसुद्धा ओढली नाही.

पुढचे दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, खोकायचं नाही, हसायचं नाही. मग घरी आल्यावर डोळ्यावर हिरवं फडकं. तिखटाच्या ठसक्याने शिंक आली असती तर टाका तुटला असता, म्हणून उखळ मावशींच्या दारात हलवलं. सगळी गल्ली शिंकत होती, आमचं घर सोडून. मी स्वयंपाक करायचे, अव्वांना मऊ भात भरवायचे आणि रोज मनात म्हणायचे, दिसू दे. आम्हाला दोघींनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

चष्मा मिळाला तो जाड, भिंगासारखा. त्यातून अव्वांचा उजवा डोळा केवढा तरी मोठा दिसायचा. पहिल्या सकाळी त्या पूजेला बसल्या, लिंग तळहातावर घेतलं आणि बघतच राहिल्या. मग विभूती बोटाला घेऊन लावली. नेमकी लागली. मी चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसले. हे दाराशी उभे होते. तेही आत आले नाहीत.

पूजा झाली. अव्वांनी हाक मारून ते पुस्तक मागितलं.

मी टाळाटाळ केली. वाचनालयात परत गेलं म्हटलं. अव्वा उठल्या, माझ्या ट्रंकेवरून ते स्वतःच काढून घेतलं, उजेडाला बसल्या आणि सरळ शेवट उघडला. कडी काढली ते पान. पुढे पुठ्ठा. फाटलेल्या कडांवरून त्यांनी बोट फिरवलं. पारायण खोटं निघालं होतं, आणि ते खोटं मी देवापुढे जोडतात तसे हात जोडून वाचलं होतं.

"ते घरंगळत गेलेले," अव्वा सावकाश म्हणाल्या. "मुंग्या लागलेले. धुऊन, पुसून परत दाबलेले. ते तुझं?"

मी होय म्हणून मान हलवली.

त्या मोठ्या थोरल्या डोळ्याने त्यांनी मला नीट बघून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझं तोंड असं स्पष्ट पाहिलंच नव्हतं.

"शी," अव्वा म्हणाल्या. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "पुढचं आनशील तवा शेवटची पानं आधीच फाडून आन."